"आई, मी काही बोलले नाही हां"

न्यू जर्सीहून एका आईचा मेसेज आला, "सहा वर्षांच्या मुलीशी वर्णभेदाबद्दल बोलायचं का? लहान आहे हो, उगाच घाबरेल." मी समुपदेशक आहे, परदेशातल्या आईबाबांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो म्हणून ही केस लिहितेय, आईची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

झालं असं की स्कूल बसमध्ये पोरगी शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, जी ब्लॅक आहे, म्हणाली, "तू उन्हात खूप खेळलीस का? माझी आजी म्हणते उन्हात खेळलं की काळं होतं आणि मग छान दिसत नाही." ती मैत्रीण घरी जाऊन रडली, टीचरचा फोन आला, आणि बाबाने पोरीला दम भरला की रंगाबद्दल परत एक शब्द काढायचा नाही. विषय संपला, म्हणजे बाबाला तसं वाटलं. पुढच्या आठवड्यात ग्रोसरीच्या लायनीत पुढे एक ब्लॅक काका उभे होते तर ही आईचा टॉप ओढून कानात म्हणते, "आई, मी काही बोलले नाही हां."

आई हे सांगताना कॅमेरा बंद करून बसली होती.

पोरीला काय कळलं असेल बघा, की या लोकांचं असं काहीतरी आहे की ज्याबद्दल तोंड उघडणंच वाईट. आणि मुलं रंग बघतातच. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोने तीन ते सात वर्षांच्या ब्लॅक मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या होत्या, तर बऱ्याच मुलांनी चांगली म्हणून गोरीच उचलली. त्यांना हे कोणी बसवून थोडंच शिकवलं होतं.

"आमच्या घरात रेसिझम वगैरे नाहीये," बाबा म्हणाला. मी गप्प राहिले. मग तोच म्हणाला की सिग्नलला कोणी ब्लॅक माणूस गाडीजवळून गेला की बोट आपोआप लॉकच्या बटणावर जातं, आणि मागच्या सीटवरून ती बघतच असणार. पण तरी म्हणे तो अमेरिकेचा जुना इतिहास, आपण तर बाहेरून आलो, आपला काय संबंध. इथे मला राहवलं नाही (समुपदेशकाने लेक्चर देऊ नये, माहितीये). १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याआधी भारतातून तिकडे स्थायिक व्हायला वर्षाला १०० जणांचा कोटा होता, तो बदलला तो ब्लॅक लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात, म्हणजे तुझ्या व्हिसाची वाट त्यांनी मार खाऊन मोकळी केलीय. आणि आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकन लोकांनाच.

पोरीला अर्थात यातलं काही सांगायचं नव्हतं. तिच्यासाठी आधी बाबाने स्वतः म्हणायचं ठरलं, की बोलू नको म्हटलं ते माझं चुकलं, रंगाबद्दल बोलता येतं, पण छान दिसत नाही हे खोटं आहे आणि मैत्रिणीला ते लागलं. एवढंच. आईला मध्ये "आपला विठोबा पण काळाच" असं घालायचं होतं, मी म्हटलं देवाला राहू दे. विठोबाला सावळा म्हणून ओवाळणारे आपणच लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' लिहितो, आणि पोरगी बसमधल्या मैत्रिणीबद्दल विचारतेय.

दोन दिवसांनी झोपताना आईने रुबी ब्रिजेस या ब्लॅक मुलीची गोष्ट सांगितली, कारण ती पण तेव्हा सहाच वर्षांची. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या फक्त गोऱ्या मुलांच्या शाळेत ती गेली, सोबत सरकारचे मार्शल, बाहेर मोठी माणसं ओरडतायत, गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून घेतली आणि वर्षभर बार्बरा हेन्री बाईंच्या वर्गात ती एकटीच. पोरीने विचारलं, "मार्शल होते ना, मग ओरडणाऱ्यांना टाइमआउट का नाही दिला?" आई म्हणाली, "द्यायला हवा होता गं, का नाही दिला मला पण कळत नाही." मला हे उत्तर फार आवडलं, मी शिकवलं नव्हतं.

आजी मात्र दुखावल्या. "मी काय शिवी दिली का? उन्हाने काळं होतं ते होतंच." मुलाशी दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी सुनेला भाजी निवडता निवडता म्हणाल्या की मला दोन स्थळांनी सावळी म्हणून नाकारलं होतं, म्हणून मी नातीला जपते. चाळीस वर्षांत हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

शेवटच्या सेशनला आईने सांगितलं, परवा पोरगी त्याच मैत्रिणीबरोबर पार्कात निघाली तर आजी मागून टोपी घेऊन आल्या. पोरीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "काळी होईन म्हणून?"

आजी म्हणाल्या, "नाही गं बाई, डोकं दुखेल म्हणून. आणि ही दुसरी तिला दे."