अल्जीरियात मतपेटीमुळे रक्त सांडलं का?

तुमचा भाऊ गॅस प्रकल्पाच्या कामावर अल्जीरियाला निघालाय, आणि तिथे निवडणुका घेतल्या म्हणून अतिरेकी माजले असं त्याला कुणीतरी सांगितलंय. ते खरं का, हा तुमचा प्रश्न. मी त्या देशात पाच वर्षं पाइपलाइनवर काम केलंय. माझ्या मते निवडणूक घेतली म्हणून नव्हे, ती अर्ध्यावर मोडली म्हणून आग भडकली. आणि जळण त्याआधीच रचून ठेवलेलं होतं.

देश तेल-वायूच्या पैशावर चालायचा आणि १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. नोकऱ्या आटल्या. तिथे बेकार पोरांना 'हित्तिस्त' म्हणतात. हित म्हणजे भिंत, त्याला फ्रेंच शेपूट जोडलेलं. दिवसभर भिंतीला पाठ टेकून उभा असतो तो हित्तिस्त. दुसरा शब्द 'होग्रा'. वरच्याने खालच्याला कस्पटासमान लेखायचं आणि खालच्याने दाद मागायला कुठे जायचं नाही, हे सगळं त्यात येतं. ऑक्टोबर १९८८ मध्ये हीच पोरं रस्त्यावर उतरली, लष्कराने गोळ्या घातल्या, शेकडो मेले. त्यानंतर कुठे १९८९ ची नवी राज्यघटना आली आणि एकपक्षीय राजवट संपली.

२६ डिसेंबर १९९१ ला झालेल्या संसदेच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत २३१ जागांचे निकाल लागले, त्यातल्या १८८ इस्लामिक सॅल्व्हेशन फ्रंट या इस्लामवादी पक्षाने, म्हणजे 'फिस'ने, जिंकल्या. पण एक आकडा फारसा कुणी सांगत नाही. १९९० च्या स्थानिक निवडणुकांत फिसला सुमारे ४३ लाख मतं होती, या वेळी ३३ लाखांच्याही आत. दीड वर्षात दहा लाख मतं गळाली होती! फिसची मी बाजू घेत नाही. त्यांचे नेते अली बेलहाज लोकशाहीच मानत नव्हते, तिथल्या बायकांना आणि पत्रकारांना वाटणारी भीती खरी होती. तरीही ११ जानेवारी १९९२ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष शादली बेनजदीद यांना पायउतार व्हायला लावून दुसरी फेरी रद्द केली, मार्चमध्ये फिसवर बंदी घातली, हजारोंना सहारातल्या छावण्यांत कोंबलं. 'मतदानाने काही होत नाही, बंदूक घ्या' म्हणणाऱ्यांना यापेक्षा मोठी मदत काय करणार?

पुढचं दशक तिथे 'काळं दशक' म्हणून ओळखतात. मेलेल्यांचा अंदाज दीड ते दोन लाख. लेखक ताहर जाऊत १९९३ मध्ये मारले गेले, राय या तिथल्या लोकप्रिय संगीताचा गायक शेब हसनीला १९९४ मध्ये ओरान शहरात गोळ्या घातल्या. सप्टेंबर १९९७ मध्ये राजधानी अल्जिअर्सच्या दक्षिणेला बेंताल्हा वस्तीत एका रात्रीत बायका-मुलांसकट माणसं कापली गेली. लष्कर जवळच होतं, पण आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. 'कोण कुणाला मारतंय?' हा प्रश्न त्याच काळातला.

आमचा ड्रायव्हर त्या दिवसांत तरुण होता. अतिरेकी लष्कराचे गणवेश चढवून रस्त्यावर खोट्या चौक्या लावायचे, गाड्या थांबवून गळे चिरायचे. तो मला म्हणाला, 'मी तोंडाकडे बघायचोच नाही, पायांकडे बघायचो. लष्करी बूट असले तर श्वास सोडायचा. कॅनव्हासचे जोडे दिसले तर संपलं.' मी होतो तेव्हाही चौकी आली की त्याची नजर आधी खाली जायची.

पुढचे राष्ट्राध्यक्ष अब्देलअझीझ बुतेफ्लिका यांनी १९९९ आणि २००५ मध्ये शस्त्रं टाकणाऱ्या अतिरेक्यांसाठी माफीच्या योजना आणल्या. बंदुका बऱ्याचशा खाली आल्या हे मान्य करायला हवं. पण २००६ च्या अध्यादेशाने त्या जखमांबद्दल राज्यसंस्थेची बदनामी होईल असं बोलण्याला तीन ते पाच वर्षांची कैद ठेवली. सुरक्षा दलांनी उचलून नेलेल्या हजारो बेपत्ता माणसांच्या आया आजही फोटो छातीशी धरून विचारतात, आमचा मुलगा कुठे आहे? मला तिथलं सगळ्यात जास्त हेच लागलं.

भावाबद्दल. जानेवारी २०१३ मध्ये इन अमेनासच्या वायू प्रकल्पावर हल्ला झाला आणि परदेशी कामगार मोठ्या संख्येने मेले, त्यामुळे वाळवंटातल्या साइटवर सुरक्षारक्षकांशिवाय हलायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. काळ्या दशकाबद्दल स्वतःहून कुणाला खोदून विचारू नये. आणि रात्री चौकी दिसली की वेग कमी करायचा, समोरचे दिवे मंद करायचे, गाडीच्या आतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे.