‘पोर्न पॅरडी’ला मराठीत विडंबन म्हणावं का?

प्रश्न असा आहे: हॉलिवूडच्या भव्य साहसपटांचा (इंग्रजीत ‘ॲक्शन एपिक’) थाट उचलून अमेरिकेत पोर्नपट काढले जातात. तिकडे त्यांना ‘पोर्न पॅरडी’ म्हणतात. चित्रपटांवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘अश्लील विडंबन’ हा प्रतिशब्द चालेल का?

मी तो सरसकट वापरणार नाही. अडचण ‘अश्लील’पेक्षा ‘विडंबन’ या शब्दाची आहे.

संस्कृतात ‘विडम्बन’ म्हणजे अनुकरणही आणि थट्टाही. मराठीत मात्र नुसत्या अनुकरणाला कुणी विडंबन म्हणत नाही, थट्टा असावीच लागते. ही अपेक्षा आपल्या मनात पक्की केली ती केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, ‘झेंडूची फुले’मधून (१९२५). त्यातली ‘परिटास’ ही कविता आठवा. आळवणीचा सूर थेट त्या काळच्या भावकवितेचा, आणि आळवणी कुणाची, तर कपडे नेलेल्या परिटाची! तो ओळखीचा सूर भलत्या विषयाला लागला की त्यातला कृत्रिमपणा आपोआप उघडा पडतो. विडंबनाचा रोख असा मूळ कृतीवर असतो.

आता २००५ चा ‘पायरेट्स’ हा अमेरिकन पोर्नपट घ्या. २००३ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’वरून तो उघडउघड बेतलेला होता. शिडाची जहाजं, जुन्या काळचे पोशाख, तलवारबाजी, संगणकावर घडवलेले लढणारे सांगाडे, सगळं त्यात होतं. खर्च १० लाख डॉलरांहून जास्त झाल्याचं सांगितलं गेलं, आणि त्या धंद्यात ही रक्कम अवाढव्य मानली गेली. पुढे लैंगिक दृश्यं कापून त्याची सौम्य आवृत्तीही निघाली. मला हीच गोष्ट निर्णायक वाटते. ती दृश्यं काढल्यावरही विकता येईल असा साहसपट हाती उरतो, याचा अर्थ समुद्री चाच्यांचा तो थाट मनापासून उभा केलेला होता. विनोद त्यात आहे, पण तो मूळ चित्रपटातही होताच. मूळ कृतीची खिल्ली उडवण्यापेक्षा तिच्यासारखं दिसण्याची हौस मोठी, अशा प्रकाराला मराठीत सरळ ‘नक्कल’ हा शब्द आहे.

मग इंग्रजीत ‘पॅरडी’ का म्हणतात? कायद्याचं कवच हे त्याचं एक मोठं कारण. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ‘ओ, प्रिटी वुमन’ या गाण्याच्या खटल्यात मान्य केलं की पॅरडी पैसे कमावण्यासाठी केलेली असली तरी कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने ती ‘रास्त वापर’, म्हणजे परवानगीशिवायही चालणारा वापर, ठरू शकते. मात्र त्याच निकालात न्यायालयाने असंही बजावलं की उसनवारी मूळ कृतीवर काही भाष्य करणारी हवी. केवळ लक्ष वेधायला किंवा नवं रचण्याचे कष्ट वाचवायला केलेली असेल, तर बचावाचा दावा दुबळा पडतो. म्हणजे विडंबन आणि नक्कल यांत आपण मराठीत जो फरक करतो, तो त्या न्यायालयालाही महत्त्वाचा वाटला. निर्मात्याने वेष्टनावर काय छापावं हा त्याचा प्रश्न. भाषांतर करणाऱ्याने चित्रपटात काय आहे ते पाहून शब्द निवडावा.

‘३००’ (२००७) या हॉलिवूडच्या युद्धपटाचं उदाहरणही उपयोगी पडेल. ताम्रवर्णी उजेड, मध्येच मंदावणारी आणि मग झपकन वेग घेणारी लढाई, निळ्या पडद्यापुढे चित्रण करून मागाहून भरलेलं आकाश. अशी शैली कथेपासून वेगळी काढता येते, म्हणून ती उचलायलाही सोपी. पण ‘मीट द स्पार्टन्स’ (२००८) हा त्याचीच टर उडवणारा सिनेमा आहे. तो जमला नाही असं कुणी म्हणेल, पण ते विडंबन आहे यात शंका नाही. फक्त तो उजेड आणि ती संथ गती घेऊन पोर्नपट काढला, तर तो ‘३००’च्या धर्तीवरचा पोर्नपट झाला, विडंबन नव्हे.

‘अश्लील विडंबन’मध्ये आणखी एक धोका आहे. ‘विटंबना’ हे त्याच कुळातलं रूप आपण पुतळ्याच्या किंवा मृतदेहाच्या अवहेलनेसाठी वापरतो, आणि ‘देवदेवतांचं विडंबन’ म्हटलं की वाचक अपमान असाच अर्थ घेतो. आधी ‘अश्लील’ जोडलं तर कुणाची तरी बदनामी केल्याची बातमी वाटते.

‘प्रौढ विडंबनपट’ही टाळा. ‘प्रौढ’ म्हटलं की मराठीत आधी परिपक्वता सुचते, आणि आपल्याकडे ‘ए’ प्रमाणपत्र मिळालेले कितीतरी गंभीर चित्रपट ‘प्रौढांसाठी’च असतात. ‘पोर्नपट’ हा संकर काहींच्या कानाला खटकेल, पण बोलपट, युद्धपट, चरित्रपट यांच्या रांगेत तो बसतो आणि अर्थाचा घोळ होत नाही. ‘ॲक्शन एपिक’ला ‘महाकाव्यात्मक कृतिपट’ असं काही करू नका. ‘भव्य साहसपट’ किंवा ‘भव्य युद्धपट’ पुरे.

तेव्हा भाषांतरात मी असं लिहीन: ‘हॉलिवूडच्या भव्य साहसपटांची हुबेहूब नक्कल करणारे पोर्नपट’. लेखात पुढे एखाद्या चित्रपटाने खरोखर मूळ चित्रपटाची टोपी उडवली असेल, तर तेवढ्यापुरतं ‘विडंबन’ जरूर वापरा.