डॉकवर गेलेले तीन तास: ऑन ड्युटी, ऑफ ड्युटी की स्लीपर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बसून रात्रपाळीत एका अमेरिकन ट्रकिंग कंपनीचे लॉग (ड्रायव्हरच्या कामाच्या तासांच्या नोंदी) तपासायचं काम नुकतंच लागलंय. ड्रायव्हर वेअरहाऊसच्या डॉकवर (माल चढवा-उतरवायच्या जागी) सकाळी 10 ते दुपारी 1 अडकला होता. लॉगवर ते तीन तास ऑन ड्युटी दिसतायत, ड्रायव्हर म्हणतो मी झोपलो होतो, आणि टीम लीडर म्हणतो, "ऑफ ड्युटी करून टाक, घड्याळ थांबेल."

ड्रायव्हर बहुतेक खरं बोलतोय. टीम लीडरचं अर्धंच बरोबर आहे, आणि गोची त्या उरलेल्या अर्ध्यातच आहे.

आधी ते ऑन ड्युटी आलं कुठून ते बघा. ट्रक हलला की ईएलडी (ट्रकमधलं लॉग नोंदवणारं यंत्र) आपोआप ड्रायव्हिंग धरतं. गाडी सलग 5 मिनिटं थांबली की ते विचारतं, अजून ड्रायव्हिंगच का? मिनिटभरात उत्तर आलं नाही की स्वतःच 'ऑन ड्युटी, नॉट ड्रायव्हिंग' लावून मोकळं होतं. आपला पाजी (कॅलिफोर्नियाकडच्या कंपन्यांत पाजी भरपूर भेटतील) डॉकला गाडी लावून केबिनमधल्या मागच्या झोपायच्या बर्थवर आडवा झाला, बटण दाबायचं राहिलं, म्हणून लॉगच्या ग्राफवर रेघ चौथ्या, म्हणजे ऑन ड्युटीच्या ओळीवरून सरळ तीन तास गेली. उठल्यावर तो तुम्हालाच फोन करणार: "भाई, मैं तो सो रहा था, तूने ऑन ड्युटी क्यूं डाला?" तुम्ही काहीच घातलेलं नसतं.

आता मुद्दा. लोडिंग-अनलोडिंग करणं, त्यावर लक्ष ठेवणं, डिझेल भरणं, गाडीची तपासणी, 'कधीही बोलावतील, तयार राहा' असं सांगून बसवणं, हे सगळं ऑन ड्युटी. जबाबदारीतून मोकळं केलं असेल आणि तो वेळ स्वतःच्या मर्जीने घालवता येत असेल तर ऑफ ड्युटी. उभ्या गाडीत नुसती विश्रांती घेतली तरी ती ऑन ड्युटी धरत नाहीत. स्फोटकांसारखा माल असेल तर गोष्ट वेगळी. बर्थवर झोपला असेल तर स्लीपर. म्हणजे हे ठरवायला ड्रायव्हरलाच विचारावं लागतं, "तीन तासांत काय केलंस?" पहिला अर्धा तास पॅलेट मोजत उभा होता आणि मग झोपला, असं निघालं तर तो अर्धा तास ऑन ड्युटीच राहणार.

आणि घड्याळ? ती एकाच वेळी चार चालतात: 11 तास ड्रायव्हिंग, 14 तासांची खिडकी (दिवसाचं ड्रायव्हिंग ज्या वेळात उरकायचं ती), 8 तास ड्रायव्हिंगनंतरचा तीस मिनिटांचा ब्रेक, आणि 8 दिवसांत कामाचे 70 तास (काही कंपन्यांत 7 दिवसांत 60). ते तीन तास ऑफ किंवा स्लीपर झाले की 70 मधले तीन वाचतात, ड्रायव्हरचा जीव त्यातच अडकलेला असतो. पण 14 तासांची खिडकी सकाळी कामाला लागल्यापासून चालू होते आणि मधल्या साध्या ऑफ ड्युटीने थांबत नाही. सकाळी 6 ला सुरुवात केली तर रात्री 8 नंतर गाडी चालवायची नाही, मग मध्ये जेवलात, झोपलात, काही का केलं असेना.

अपवाद स्प्लिट स्लीपरचा, आणि नवी मंडळी इथेच गडबडतात. घड्याळं पुन्हा कोरी व्हायला लागणारी 10 तासांची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते: एक किमान 7 तास, सलग, स्लीपरमध्येच, दुसरा किमान 2 तास, ऑफ किंवा स्लीपर कसाही, दोन्ही मिळून किमान 10. अशी जोडी जमली तर दोन्ही तुकडे 14 मध्ये मोजत नाहीत. तुमच्याच ड्रायव्हरचं घ्या. 6 ते 6:30 तपासणी, 6:30 ते 10 ड्रायव्हिंग, 10 ते 1 स्लीपर. खिडकीतले 4 तास गेले, 10 उरले, म्हणजे ती रात्री 11 पर्यंत लांबली. ड्रायव्हिंगचे साडेसात तास उरलेत. ते संपवून 11 ला तो बर्थवर गेला आणि सकाळी 6 पर्यंत सलग 7 तास झोपला, जोडी पुरी झाली. पण सकाळी 6 ला कोरे 14 तास मिळत नाहीत! हिशोब पहिला तुकडा संपला तिथून, म्हणजे दुपारी 1 पासून धरायचा. 1 ते 11 असे 10 तास वापरलेत, म्हणून खिडकीचे 4 आणि ड्रायव्हिंगचे साडेतीन तास उरतात. आणि रात्री 7 तासांऐवजी पावणेसात तासांतच उठून निघाला तर जोडी फुटली, खिडकी मागे जाऊन रात्री 8 ला बंद झाली, आणि 8 नंतरचं सगळं ड्रायव्हिंग व्हायोलेशन. म्हणून 'घड्याळ थांबेल' असं ड्रायव्हरला कधी सांगू नका. 'रात्री सलग 7 तास झोपलास तर थांबेल' असं सांगा.

तीस मिनिटांच्या ब्रेकवर फार डोकं घालवायची गरज नाही. सप्टेंबर 2020 पासून सलग अर्धा तास ड्रायव्हिंग केलं नाही एवढं पुरतं, ऑन ड्युटी असलं तरी चालतं. तुमच्या केसमध्ये तो डॉकवरच मिळालाय.

दुरुस्ती करताना: तुम्ही ऑफिसमधून फक्त बदल सुचवू शकता. तो मान्य करायचा की नाकारायचा हे ड्रायव्हरच्या हातात, आणि मान्य केल्यावर त्या दिवसाचा लॉग त्याने पुन्हा सर्टिफाय करायचा, म्हणजे बरोबर आहे असं कबूल करायचं. प्रत्येक बदलाला टीप लागते. टीप 'करेक्शन' अशी एका शब्दात लिहू नका. 'डॉकवर वाट पाहताना स्लीपरमध्ये, स्टेटस बदलायचं राहिलं' असं वाचणाऱ्याला कळेल असं लिहा. मूळ नोंद पुसली जात नाही, मागे राहतेच. आणि आपोआप नोंदलेला ड्रायव्हिंगचा वेळ कमी करता येत नाही, कोणी कितीही सांगो. ड्रायव्हरचा पासवर्ड घेऊन त्याच्या नावाने 'ॲक्सेप्ट' दाबायला सांगणारे लीडर भेटतात. तो सरळसरळ खोटा लॉग आहे. असं सांगितलं तर 'ईमेल करा' म्हणा, बहुतेक वेळा ईमेल येत नाही.

पुढचा प्रश्न हमखास येईल म्हणून आत्ताच सांगतो. अनलोड झाल्यावर वेअरहाऊसवाले गाडी उभी ठेवू देत नाहीत, तास संपलेत, मग काय? जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत पर्सनल कन्व्हेयन्स (गाडी कामासाठी नाही, स्वतःसाठी चालवतोय असं स्टेटस) लावून जाता येतं, ते ऑफ ड्युटीत धरतात. जवळची जागा सोडून पुढच्या लोडच्या दिशेने 40 मैल गेला तर ती पळवाट पकडली जाते.

शेवटचं, वेळेबद्दल. लॉग होम टर्मिनलच्या (ड्रायव्हर कंपनीच्या ज्या तळावरून काम करतो त्याच्या) वेळेत चालतो, ट्रक कुठल्याही राज्यात असो. शिकागोची कंपनी असेल तर उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. बदल मार्च आणि नोव्हेंबरमध्ये होतो. पेनसिल्व्हेनियातला (तिथे शिकागोपेक्षा एक तास पुढे) ड्रायव्हर मोबाईलवर बघून '11 ला उभा राहिलो' म्हणाला तर लॉगवर 10 दिसणार. बदल सुचवण्याआधी तो कुठली वेळ सांगतोय हे विचारून घ्या.