मणि रिम्दूसाठी तेंगबोचे : पौर्णिमेपासून उलटे मोजा

तुमचा प्रश्न असा आहे की, पंचेचाळिशी ओलांडलेले चार सह्याद्रीकर पंधरा दिवसांच्या रजेत नेपाळमधील तेंगबोचे या बौद्ध मठातील मणि रिम्दू उत्सव आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प अशा दोन्ही गोष्टी साधू शकतील का. माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. तेंगबोचेहून पुढे जाऊन परत यायचे, तर वाटेवरच्या दिंगबोचे गावातील विश्रांतीचा दिवस धरून किमान सहा-सात दिवस वाढतात आणि ते काढायला गेल्यास एक तर उत्सव हातचा जातो किंवा विरळ हवेची सवय व्हायला लागणारे दिवस कापले जातात. बेस कॅम्पला मोसमात केव्हाही जाता येते, उत्सवाचे तीन दिवस मात्र वर्षातून एकदाच येतात.

हे तीन दिवस म्हणजे एकोणीस दिवस चालणाऱ्या विधींचा शेवट. त्याआधी भिक्षू मठात रंगीत वाळूचे मंडल रेखतात आणि अवलोकितेश्वराच्या एका रूपाची साधना करतात. या साधनेत मंत्रांनी भारलेल्या बारीक गोळ्यांवरूनच उत्सवाला नाव मिळाले आहे. पौर्णिमेला वांग, म्हणजे प्रमुख लामांच्या हस्ते आशीर्वाद आणि त्या गोळ्यांचे वाटप, दुसऱ्या दिवशी मुखवट्यांचे छाम नृत्य आणि तिसऱ्या दिवशी होम, असा क्रम असतो. ही पौर्णिमा बऱ्याच वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेशी जुळते, परंतु तिबेटी पंचांगातील अधिक महिना आपल्या अधिक मासाबरोबर येतोच असे नाही, त्यामुळे कालनिर्णय पाहून तिकिटे काढू नका. मठाने तारखा जाहीर केल्यावरच काढा.

आता मोजणी. पौर्णिमेच्या सात दिवस आधीचे लुकलाचे, म्हणजे जिथून पायी वाट सुरू होते त्या गावाचे, विमान धरावे. गर्दीच्या मोसमात ही विमाने बहुधा काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथली धावपट्टीवरून सुटतात, म्हणजे मध्यरात्री काठमांडू सोडून चार-पाच तास गाडीने जावे लागते. ही रात्र वेळापत्रकात अनेक जण मोजतच नाहीत. लुकलाहून (2,860 मीटर) पहिला मुक्काम फाकदिंगला, दुसरा नामचे बाजारला (3,440 मीटर), तिथे आणखी एक रात्र, मग खुमजुंगला एक रात्र आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तेंगबोचे (3,867 मीटर). या हिशेबाने दोन दिवस शिल्लक राहतात. ढगांमुळे विमान अडकले तर ते लुकलाच्या वाटेवर खर्च होतील, नाही अडकले तर नामचे आणि खुमजुंगला एकेक रात्र वाढवा. परतीचे विमान मात्र एक दिवस सैल ठेवा, त्यासाठी सोळावा दिवस मागून घ्यावा लागला तरी चालेल.

सह्याद्रीतील सवयीबद्दल थोडे कटू बोलतो. राजगड-तोरणा एका दमात करणारा माणूस नामचेच्या चढावर पोर्टरच्या पुढे निघून जातो आणि रात्री डोके धरून बसतो. आमच्या गटातला सर्वांत तंदुरुस्त गडी असाच दीड दिवस आडवा होता. पायांचा दम आणि रक्ताला विरळ हवेची सवय या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला साधारण पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणे सुरू झाले, तर उत्सव चार तासांवर असला तरी खाली उतरावे. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरचे औषध) घ्यायचे की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटचा टप्पा फसवा आहे. खुमजुंगहून वाट दूधकोसी नदीच्या काठावरील फुंकी तेंगापर्यंत उतरते आणि मग सुमारे सहाशे मीटरचा सलग चढ लागतो. पहिल्या खेपेला आम्ही हा चढ नृत्याच्या दिवशीच ठेवला होता. दुपारी दोनला पोहोचलो तेव्हा मठाचे अंगण भरून गेले होते आणि आम्हाला दिसली ती पुढच्यांच्या टोप्यांवरून डुलणारी मुखवट्यांची शेंडी. तेंगबोचेतील लॉज मोजके आहेत आणि या दिवसांत ते केव्हाच भरतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटे खाली असलेल्या देबोचेत खोली धरून ठेवावी. तिथून सकाळी वर येणारी गुरासाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलातील वाट सावलीत गोठलेली असते, पाय जपून टाका.

नृत्याच्या दिवशी सकाळीच जागा धरून बसावे, आणि खाली अंथरायला काही न्यावे, कारण दगडी अंगणाचा गारठा तासाभरात हाडांत शिरतो. लांब कर्ण्यांचा आवाज कानांआधी छातीत जाणवतो. सोळा नृत्यांपैकी बहुतेक गंभीर आहेत, पण मधेच पांढऱ्या दाढीच्या मुखवट्यातील मी त्सेरिंग हा म्हातारा येतो आणि प्रेक्षकांतील कोणाला तरी ओढून साष्टांग नमस्कार शिकवू लागतो. दशावतारात संकासुर आल्यावर कोकणातले पोरटोर जसे सावरून बसते, तशी शेर्पा आज्यांची पहिली रांग त्याला पाहून खुलते. हा भाग जेवायला उठून चुकवू नका. आमच्यातील निम्मे लोक नेमके तेव्हाच सूप प्यायला गेले होते.

तिसऱ्या दिवसाचा होम बहुतेक पर्यटक सोडून देतात. थांबता आले तर थांबा, कारण अंगण तेव्हा जवळजवळ गावकऱ्यांचेच असते. त्या दिवशी मुक्काम वाढवलात तर खाली एकाच दिवसात नामचे गाठावे लागेल, ते उतारावर जमते.

हा मठ 1916 साली लामा गुलू यांनी उभारला, 1934 च्या भूकंपात तो कोसळला, पुन्हा बांधला, 1989 च्या जानेवारीत विजेच्या शॉर्टसर्किटमुळे लागलेल्या आगीत जळाला आणि 1993 मध्ये पुन्हा उभा राहिला. आत छायाचित्रणाची बंदी असते, तिचा राग धरू नये. मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) उजव्या हाताला ठेवून, म्हणजे आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने, ओलांडाव्यात. वांगच्या रांगेत उभे राहायचे असेल तर दोन्ही हातांवर धरायला एक खादा, म्हणजे लामांना अर्पण करायचे उपरणे, नामचेतच विकत घ्या. आणि विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते, आधार कार्ड चालत नाही. चौघांचीही कागदपत्रे आजच तपासून पाहा.