अर्धपुतळा चालतो, मग चंद्र-सूर्य का नकोत?

प्रश्न : बापट कॅम्पमध्ये आमचे पिढीजात मूर्तिकाम आहे. अलिबागकडच्या एका बेने इस्राएल कुटुंबाने आपल्या दिवंगत आजोबांचा ब्रॉन्झचा पुतळा आम्हाला सांगितला आहे. पूर्णाकृती नको, छातीपर्यंतचाच करा आणि चौथऱ्यावर चंद्र-सूर्य अजिबात नकोत, असे त्यांनी बजावले. ज्यू धर्मात मूर्ती निषिद्ध आहे, तर अर्धपुतळा कसा चालतो? आणि तो चालत असेल, तर चंद्र-सूर्यांनी काय केले?
— एक मूर्तिकार, कोल्हापूर

उत्तर : दहा आज्ञांमधील दुसरी आज्ञा पूजेसाठी मूर्ती घडवण्यास मनाई करते, हे सर्वश्रुत आहे. आपला प्रश्न मात्र पूजेच्या हेतूवाचून केलेल्या आकृतीचा आहे आणि त्याचे नियम बायबलमधील 'निर्गम' ग्रंथातील दुसऱ्या एका वचनातून तालमूदच्या, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन संग्रहाच्या, पंडितांनी काढले. 'माझ्याबरोबर' काही घडवू नका, अशा आशयाच्या त्या वचनात त्यांनी मानवाकृती आणि देवापुढे सेवेत असणारे चंद्र, सूर्य, तारे या सर्वांना गोवले.

योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरूख' या सोळाव्या शतकातील धर्मसंहितेनुसार मानवाकृतीला बंदी आहे ती उठावाच्या कामात. भिंतीवरील सपाट चित्राला नाही. त्यामुळेच बेने इस्राएल घरांत एलियाहू हन्नबी या प्रेषिताची तसबीर भिंतीवर दिसते. पुढे त्याच संहितेत असेही एक मत दिले आहे की, सर्व अवयवांसह पूर्ण असलेली आकृतीच निषिद्ध, नुसते मस्तक किंवा मस्तकाविना धड नव्हे. आणि पोलंडमधील क्राकूवचे धर्मपंडित मोशे इस्सर्लिस यांनी 'प्रघात असाच आहे' अशी टीप त्याला जोडली. आपल्या ग्राहकांची अट बहुधा येथूनच आलेली आहे. अधिक कडक मताचे लोक चेहराही टाळतात, पण तो प्रश्न त्या कुटुंबाने सोडवायचा आहे.

चंद्र-सूर्यांना मात्र सपाट चित्राचीही सवलत नाही. काही भाष्यकारांनी दिलेले कारण कारागिराला चटकन पटावे : आकाशात ते आपल्याला सपाटच दिसतात, तेव्हा सपाट चित्र हीच त्यांची हुबेहूब प्रतिमा ठरते. आपल्याकडच्या वीरगळांवर चंद्र-सूर्य हमखास असतात, म्हणून आपल्याला ते सहज सुचले असणार. शिकण्या-शिकवण्यासाठी मात्र मुभा आहे. नवा महिना ठरवण्यासाठी नवचंद्र पाहिल्याची साक्ष द्यायला आलेल्या साध्या माणसांना ज्यू न्यायसभेचे प्रमुख रब्बान गम्लिएल आपल्या माडीच्या भिंतीवरील चंद्रकोरीच्या आकृत्या दाखवून 'असा दिसला की तसा?' असे विचारत, हे मिश्नात, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, नमूद आहे.

अशी आकृती बाळगण्याबाबत मुख्य चिंता आहे ती लोकांच्या संशयाची, म्हणजे घरातील आकृती पूजेचीच असावी असे कोणास वाटू नये. तालमूदमधील पंडित रव यहूदा यांच्याकडे उठावाची मानवाकृती असलेली मुद्रा होती. 'त्या आकृतीचा डोळा फोड,' असे त्यांचे गुरू श्मुएल यांनी त्यांना सुनावले. उलट बॅबिलोनियातील नेहरदेआ येथील सभास्थानात पुतळा असूनही श्मुएल यांचे वडील व लेवी हे पंडित तेथे प्रार्थना करीत, कारण पुष्कळ लोक जमतात तेथे असा संशय उरत नाही.

चौथरा अगदीच मोकळा वाटत असेल, तर पानाफुलांची वेलबुट्टी सुचवून पाहावी. झाडे उठावात कोरण्यास या संहितेची हरकत नाही.