अ‍ॅटिलाची राणी कोणती?

प्रश्न : हूणांचा राजा अ‍ॅटिला याला राणीने लग्नाच्या रात्री भोसकले असे वाचले. दुसरीकडे त्याची राणी क्रेका पाहुण्यांचा मान राखणारी होती असे आहे. दोघी एकच का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. अ‍ॅटिलाला बऱ्याच बायका होत्या. क्रेका त्याच्या तीन मुलांची आई. इल्डिकोशी त्याने इ. स. ४५३मध्ये लग्न केले आणि त्याच रात्री तो मेला.

क्रेकाबद्दलची माहिती भरवशाची, कारण ती डोळ्यांदेखतची आहे. ४४९मध्ये रोमन वकिलातीबरोबर आलेला इतिहासकार प्रिस्कस नजराणा घेऊन तिच्याकडे गेला. अ‍ॅटिलाच्या लाकडी कुंपणाच्या आवारातच तिची घरे होती, काही कोरीव फळ्या सांधून बांधलेली. जमिनीवर लोकरीचे नमदे, राणी मऊ बिछान्यावर टेकलेली, भोवती चाकर. समोर खाली बसून दासी लिननवर रंगीत भरतकाम करत होत्या. नंतर तिचा कारभारी अदामिस याच्या घरी तिने वकिलातीला जेवायलाही बोलावले.

इल्डिकोचे एवढे तपशील नाहीत. दिवस बराच वर आला तरी राजा उठेना, तेव्हा सेवकांनी दार फोडले. जखम कुठेच नव्हती. त्याचा घोळणा नेहमी फुटे. त्या रात्री भरपूर दारू पिऊन तो उताणा झोपला होता, म्हणून रक्त नाकावाटे न येता घशात उतरले. इल्डिको तोंड झाकून रडत होती. हे सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डानेस याने प्रिस्कसच्या आधारे लिहिले. बाईच्या हातच्या सुरीची वदंता त्याच शतकातला बखरकार मार्सेलिनस याच्याकडे सापडते. आमच्या मते तिच्यावर खुनाचा आळ घेणे अन्यायाचे आहे.

सुरी पक्की केली ती दंतकथेने. ४३७च्या सुमारास बर्गंडी या जर्मानिक टोळीचा राजा गुंडाहार हूणांकडून मारला गेला. उत्तर युरोपातल्या काव्यांत ही घटना अ‍ॅटिलाच्या मृत्यूला जोडली गेली आणि भावांच्या सुडासाठी नवऱ्याला, म्हणजे अ‍ॅटिलाला, मारणारी राणी गुड्रून तयार झाली. ‘निबेलुंगेनलीड’ या जर्मन महाकाव्यात मात्र राजा जिवंतच राहतो. तिथली त्याची पहिली, दयाळू राणी हेल्के म्हणजे क्रेकाचीच आठवण, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रश्न : हूण राण्यांच्या हाती काही सत्ता असे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : असे. अ‍ॅटिलाने भाऊ ब्लेडाला मारले, तरी ब्लेडाच्या एका विधवेकडे स्वतःचे गाव राहिले. वादळात प्रिस्कसच्या वकिलातीचा तंबू उडून सामान तळ्यात गेले, तेव्हा तिनेच जेवण पाठवले. परतफेड म्हणून तिला चांदीची तीन भांडी, लाल कातडी, खजूर आणि भारतातली मिरी मिळाली.