‘धप्प’ आवाज आला की सर का ओरडतात?

प्रश्न: माझा मुलगा 10 वर्षांचा आहे, वजन 30 किलो, दोन वर्षं मल्लखांब शिकतोय. वरून उडी मारून उतरताना धप्प आवाज आला की सर ओरडतात आणि परत वर चढायला लावतात. माझे दीर म्हणतात, कशीही उडी मारा, गुडघ्यावर वजनाच्या दहापट भार येतोच, पोराचे गुडघे जातील. खरं काय? जाड मॅट घेऊन दिली तर चालेल का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, दहापट भार येऊ शकतो, अगदी जास्तसुद्धा येऊ शकतो, पण ‘कशीही मारा’ हे दिरांचं म्हणणं साफ चूक आहे. सगळा खेळ कशी मारली यातच आहे.

भार नुसत्या उंचीवर ठरत नाही, थांबायला किती जागा मिळाली त्यावर ठरतो. हिशोब सोपाय. पडण्याची उंची घ्या, पाय टेकल्यावर कंबर अजून किती खाली गेली त्या अंतराने भागा, त्यात एक मिळवा, झालं, वजनाच्या तितके पट सरासरी भार. समजा पोरगं दीड मीटरवरून उतरलं. जमिनीला पोचेपर्यंत वेग ताशी जवळपास 20 किलोमीटर होतो, तो कसाही उतरला तरी तेवढाच. आता पाय ताठ ठेवले आणि कंबर फक्त 5 सेंटीमीटर खाली गेली तर 150 भागिले 5, अधिक एक, म्हणजे 31 पट, 30 किलोच्या पोरावर 930 किलोचा भार! तेच पंजा आधी टेकवून, मग टाच, मग गुडघे आणि कंबर वाकवत 50 सेंटीमीटर खाली गेला तर फक्त 4 पट, 120 किलो. आणि ही सरासरी झाली, मधला एखादा क्षण याच्याही वर जातो.

ताठ उतरला तर सगळं 0.02 सेकंदाच्या आत संपतं, मांडीच्या स्नायूंना काही करायला वेळच मिळत नाही, मार थेट हाडांना आणि गुडघ्यातल्या कूर्चेला. वाकून उतरला तर 0.18 सेकंद मिळतात, पापणी लवते तेवढा वेळ, पण तेवढ्यात स्नायू ताणले जात जात तो वेग खाऊन टाकतात.

मी हे मोबाईलवर करून बघितलंय. फायफॉक्स नावाचं फुकट अॅप आहे, फोनमधल्या सेन्सरला बसणाऱ्या धक्क्याचा आलेख काढतं, फोन कमरेला घट्ट बांधला आणि 45 सेंटीमीटरच्या स्टुलावरून उतरलो. आलेखात आधी सरळ रेघ, मग 0.3 सेकंद जवळजवळ शून्य कारण हवेत असताना सेन्सरला वजन जाणवतच नाही, आणि पाय टेकले की सुळका. टाच आपटून उतरलो तेव्हा सुईसारखा उंच सुळका आला, वाकून उतरलो तेव्हा बुटकी पसरट टेकडी. (टाच आपटायचा भाग तुम्ही करू नका, दोन दिवस दुखत होती.)

सरांचा कान म्हणजे हाच आलेख समजा. धप्प झालं म्हणजे वेग एकदम, एका फटक्यात थांबला. आवाज न करता उतरता आलं की समजायचं जमलं. खूप चांगले सर आहेत, त्यांना ओरडू द्या.

मॅटचं गणित गमतीचं आहे. मॅट 5 सेंटीमीटर दबली तर ताठ उतरणाऱ्याचा भार 31 वरून 16 पट होतो, जवळपास निम्मा. पण नीट उतरणाऱ्याचा 4 वरून जेमतेम 3.7. म्हणजे मॅट चुकलेल्या उडीसाठी लागते, आणि मुलं चुकणारच, म्हणून ती हवीच. फक्त फार मऊ गादी नको, त्यात घोटा मुरगळतो. घरी एकदा समोरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि उतरताना गुडघे आत एकमेकांकडे वळतात का बघा, वळत असतील तर सरांना दाखवा. टाच किंवा गुडघा आठवडाभर दुखत राहिला तर मात्र डॉक्टरच.

प्रश्न: आमचं दहीहंडी पथक आहे. 20 फुटांवरून पडलं तर हेल्मेट पुरतं का?
– एक गोविंदा, ठाणे

उत्तर: नाही रे. 20 फूट म्हणजे 6 मीटर, खाली येईपर्यंत वेग ताशी 39 किलोमीटर. रस्त्यावर 5 सेंटीमीटरात थांबलास तर 121 पट. हेल्मेट फक्त डोक्याला दोन-तीन सेंटीमीटर जागा देतं, पाठीला, मानेला काहीच नाही. तेच खालच्यांनी दीड मीटरवर हातात घेतलं आणि धरून न ठेवता एक मीटर खाली नेत झेललं तर साडेपाच पट, तोही दहा-बारा जणांच्या हातांत वाटलेला आणि पडणाऱ्याच्या अख्ख्या अंगावर पसरलेला. म्हणून हेल्मेट घालाच, वरच्या थराला सेफ्टी बेल्ट लावाच, आणि बाहेरच्या घेरातल्या प्रत्येकाला सांगा, हात वर, नजर वर, मोबाईल खिशात.